शनिवारचा बंद घाणा

पाय घ्या पांघरुणात. हं. तर एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात हसाजी नावाचा तेली राहायचा. बेने इस्रायली होता बरं का, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. शनिवार देवाचा, म्हणून शनिवारी त्याचा घाणा बंद. गाव त्याला शनवार तेलीच म्हणायचं. त्याची एक लेक होती, मिलका. भारी उतावळी! भात चुलीवर चढला की लगेच ताट घेऊन बसायची.

मग एका वर्षी त्यांचा बैल पवळ्या मेला. मग वादळात घाण्यावरचं छप्पर उडालं. मग उडालेले वासे गोळा करताना हसाजीचा पाय मोडला. तरी तो हिब्रू पोथी उघडायचा आणि म्हणायचा, "राज्य देवाचंच आहे."

मिलका चिडायची. "मग त्याने आपला पवळ्या का नेला?"

"विचार की त्यालाच! पोथीतल्या माणसांनीही भांडून विचारलंय."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, समुद्राला हद्द कोणी घातली, ते आधी सांग."

"बाबा, हे काय उत्तर झालं?"

हसाजीने हसत पोथी मिटली.

मग राजाचा हवालदार आला. शनिवारी दिवेलागणीला राजकन्येचं लग्न. तोवर बारा घडे तेल हवं, नाहीतर घाणा जप्त!

मग मिलकाने स्वतःच जू खांद्यावर घेतलं. गरगर, गरगर. घाणा कुरकुरायचा, मिलका त्याहून जास्त कुरकुरायची. शुक्रवारी सूर्य बुडाला, की त्यांचा शनिवार लागायचा. तेव्हा घडे भरले होते नऊच. उद्याचा एक दिवस ओढलं, तर घाणा वाचत होता. मिलका किती तरी वेळ जू धरून उभी राहिली. मग तिने ते खाली ठेवलं आणि आभाळाकडे बघून म्हणाली, "ठेवलं बघ. आता तुझं तू बघ."

सकाळी हवालदार हजर. "काय गं, देव झोपलाय वाटतं तुमचा?"

"घाणा झोपलाय. देव जागा आहे."

दुपारी भरती आली. एरवी घाण्याच्या कुरकुरीत काही ऐकू यायचं नाही. आज घाणा गप्प, पवळ्याची घंटा नाही, डोक्यावर छप्परही नाही. मिलकाला ऐकू आलं, गुळगुळ, गुळगुळ. समुद्र अडवणाऱ्या बांधाला भोक पडलं होतं! आणि बांधाखालीच लग्नाचा मांडव.

"बाबा, पण आज शनिवार!"

"जीव वाचवायला शनिवार आड येत नाही. पळ!"

मग काय! हवालदार, वऱ्हाडी, मुंडावळ्यांसकट नवरदेव, सगळे चिखल-पेंढा घेऊन बांधावर. भोक बुजलं. भरती बांधाला थडकली आणि मुकाट मागे फिरली.

राजाने विचारलं, "तेल किती झालं?"

"नऊच घडे," मिलका म्हणाली.

राजा खो खो हसला. "अगं, बारा झाले असते तर मांडव पोहत असता!"

मग नऊ घड्यांच्या दिव्यांत लग्न लागलं. घाणा राहिला. राजाने नवा बैलही दिला. त्याला मिलकाने पवळ्या म्हटलं नाही, बरं का. पवळ्या एकच.

"बाबा, पण त्याला का नेलं?"

"ते मलाही सांगितलं नाही गं त्याने."

मिलकाने समुद्राकडे पाहिलं. तो हद्दीत गुणगुणत होता. तीही गुणगुणायला लागली.

मग बापलेक पोटभर जेवले, खूप वर्षं सुखात राहिले. आणि दर शनिवारी राजाही आपला नगारा गप्प ठेवायला लागला.

चला, आता आपलाही घाणा बंद. मिटा डोळे. देव जागा आहे.