फ्लो गड चढतो

"उद्यापासून गडावर पाणी आलं पाहिजे ते फ्लोनंच! नाहीतर तुझं कामही गेलं आणि गडाखालचं खोपटंही!" वेताळगडचे भुजंगराव महाराज गरजले.

झालं होतं असं, की महाराजांनी इंग्रजी शिकायला घेतलं होतं. शिकून शिकून एकच शब्द पदरात पडला. फ्लो, म्हणजे वाहणे! आता माकडाच्या हाती कोलीत आल्यावर ते गप्प बसतंय होय? नेमकी गडावर पाणी भरणारी ठकू डोक्यावर घागर घेऊन गड चढून आली.

"काय गं, काय करतेस?"

"पाणी वाहते, महाराज."

"खोटारडे! वाहणे म्हणजे फ्लो. फ्लो आपला आपण होतो! तू मध्ये कशाला?" आणि तो वरचा हुकूम सुटला.

दरबार म्हणाला, "वा महाराज!" पाणी गड कसा चढेल, हे विचारायची एकाची छाती होईना. त्यांचं काय जातंय? घर ठकूचं जाणार होतं! ती घाबरली, पण तोंड काही तिचं बंद राहीना.

"महाराज, सकाळी तुम्ही देवीला फुलं वाहिलीत. ती कुठवर वाहत गेली?"

"अं? ती... तिथंच आहेत."

"आणि तुमचा बैल एवढं ओझं वाहतो, तो पातळ झाला का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचा पारा चढला. "भवाने! सटवे! टवळे!" दम लागेपर्यंत तोंडाचा पट्टा सुरू!

ठकूनं खाली वाकून फरशीवर हात फिरवला. "कोरडी ठणठणीत! एवढी शिव्यांची लाखोली वाहिलीत महाराज, पण टिपूस सांडला नाही!"

महाराजांचं पोट आधी हललं, मग मिशा. "हरलो गं बाई! पण राजाचा हुकूम मागे कसा घेऊ? पाणी फ्लोनंच यायला हवं!"

"येईल की! एक दांडगा रेडा द्या. त्याच्या पाठीवर पाण्याची पखाल लादते."

"रेडा? तो कशाला?"

"त्याचं नाव ठेवते, फ्लो!"

महाराज हसता हसता गादीवरून घसरले. रेडा तर दिलाच, वर खोपटाची जागाही ठकूच्या नावावर करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकरी दरवाजातून ओरडला, "महाराज, बाजूला व्हा! फ्लो आला!"