एकशे चार गुरुवार

“…आणि आमच्या मॅडम विचारतील, हा मुलगा दोन वर्षं दर गुरुवारी तुमच्याकडे यायचा का? तर तुम्ही नुसतं हो म्हणायचं. एवढं कराल ना, बाबा?”

लतीफबाबांची नजर खाली तळ्यावर होती.

मी शेजारीच होतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी दर गुरुवारी ही टेकडी चढतो, बाबांच्या तकियासमोरच्या, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीसमोरच्या ओट्यावर बसतो आणि ऊन उतरलं की घरी जातो. दोन वर्षांचे गुरुवार होतात एकशे चार. त्यातल्या किती गुरुवारी हा पोरगा आला होता, ते मला विचारा. एकाही नाही.

पण मला कोण विचारतंय.

आश्विनातली दुपार होती. खाली तळं, तळ्यावर उन्हाचा धुरकट पडदा, आणि पलीकडच्या काठाला ती व्यवस्थापन शिकवणारी मोठी संस्था. तिच्या पांढऱ्या इमारती अशा वेळी पाण्यावर तरंगत असल्यासारख्या दिसतात. बघता बघता डोळे मिटायला लागतात. मी अर्धवट झोपेतच ऐकत होतो.

पोराचं नाव यशोधन. तेवीस-चोवीसचा असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, ते काढायचंसुद्धा भान नाही. बोलताना मध्येच थांबायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा आणि मग पुढचं वाक्य टाकायचा. हे शिकवलेलं असतं. कळतं आपल्याला.

त्याची हकीकत अशी. बी.कॉम. झाल्यावर तो दोन वर्षं घरीच होता. प्रवेश परीक्षेत दोनदा आपटला. गच्चीवरच्या खोलीत दुपारी बारापर्यंत लोळायचं, आईने हाका मारल्या की चादर डोक्यावरून ओढायची, हाच उद्योग. तिसऱ्या खेपेला मार्क पडले आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. क्लासच्या सरांनी बजावून ठेवलं होतं, मुलाखतीत या दोन वर्षांवर बोट ठेवणारच. तिथं सांगायला एखादी गोष्ट पाहिजे.

तर याने गोष्ट सांगितली.

म्हणाला, आमच्या भागात टेकडीवर एक फकीर आहेत. दोन वर्षं दर गुरुवारी मी त्यांच्यापाशी जाऊन बसत होतो. ते बोलायचे नाहीत, मीही बोलायचो नाही. तिथं मी ऐकायला शिकलो.

मुलाखत घेणारे तिघंही खुर्चीत पुढं सरकले म्हणे. संचालक मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आठ दिवसांत प्रवेशाचं पत्र घरी आलं.

आता यात खरं किती? एकदा या टेकडीखाली त्याच्या मोटरसायकलच्या चाकातली हवा गेली होती. पंप मागायला तो वर आला होता. बाबा पूर्वी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळं पंप, पाने, असलं सगळं त्यांच्याकडे असतंच. बाबांनी पंप दिला, याने हवा भरली, पंप परत केला. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात बाबांचं जे काय दर्शन झालं असेल ते झालं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. आम्ही अकरा वर्षं इथं गुडघे झिजवतोय, आम्हाला कुणी साधं चहाला बोलावलं नाही. आणि हा पठ्ठ्या हवा भरून गेला तो थेट कॉलेजात. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, ते काही उगाच नाही.

बाबा तळ्याकडे बघत होते.

खरी गंमत पुढंच आहे. पहिल्या आठवड्यात मॅडमनी ती गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली. झालं, पोरांनी याचं नावच पाडलं, ‘ऐकणारा’. वसतिगृहात याच्या खोलीवर रीघ लागली. कुणाला मेसचं जेवण सोसत नव्हतं, कुणाला इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती, कुणाचं गावाकडं ठरलेलं लग्न मोडलं होतं. याने खुर्ची ओढायची, पुढं झुकायचं आणि मान हलवायची.

“नुसती मान?” बाबांनी विचारलं. तोवर त्यांनी काही विचारलं नव्हतं.

“हो. क्लासमध्ये शिकवलं होतं. तीन सेकंद थांबायचं, मग सावकाश हलवायची. लोकांना बरं वाटतं, बाबा. खरंच वाटतं. जाताना हलके होऊन जातात.”

“आणि तू?”

तो जरा ओशाळून हसला. म्हणाला, त्या वेळात मी मनातल्या मनात उद्याच्या तासाची तयारी करत असतो. वाचायलाच इतकं देतात की दुसरा वेळ मिळत नाही.

मग त्याने ती जागा कशी आहे ते सांगायला सुरुवात केली. सकाळी तळ्यावरून गार वारा येतो. ग्रंथालयात खिडकीपाशी त्याची खुर्ची ठरून गेलीय, ती आता दुसरं कुणी घेत नाही. मेसचा आचारी त्याला नावानं हाक मारतो आणि भाकरी करपली असेल तर बदलून देतो. आईला फोन केला की ती आधी विचारते, उठलास का? आणि हा सांगतो, कधीच उठलोय.

“दोन वर्षं मला उठावंसंच वाटत नव्हतं, बाबा. तिथं वाटतं. मला ती जागा सोडायची नाही हो.”

हे बोलताना तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. माझा राग निम्मा तिथंच उतरला.

आणि आता ती जागा जायची वेळ आली होती. येत्या रविवारी संचालक मॅडम स्वतः टेकडीवर येणार होत्या, संस्थेच्या वर्धापनदिनाला बाबांना बोलवायला. त्या दोन गोष्टी विचारणार, बाबा भोळेपणानं म्हणणार, कोण यशोधन? खोटं सांगून प्रवेश घेतला असं निघालं तर प्रवेश रद्द. तसं पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून लिहून घेतलेलं होतं.

“तुमच्या एका होकारावर आहे सगळं,” तो म्हणाला.

…

तकियाच्या वळचणीला कबुतरं घुमत होती. खालच्या घाटातून एखादी गाडी वर येत होती. मला पुन्हा डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा बाबा मान हलवत होते.

सावकाश. एकदा, मग आणखी एकदा.

यशोधनचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्याने वाकून बाबांच्या पायांना हात लावला. मग रविवारचं सगळं समजावून सांगितलं. मॅडम दहा-साडेदहाला येतील, फार बोलत नाहीत, शाल आणतील तर नाही म्हणू नका, तारखा विचारल्या तर लक्षात नाही म्हणा. बाबा मान हलवत राहिले. मी मात्र गार पडलो. या माणसापाशी मी अकरा वर्षं बसलो, आणि हा असल्या गोष्टीला मान डोलावतोय, हे काही मला रुचलं नाही.

पोरगा उठला. बूट घातले. जाता जाता म्हणाला, “मग नक्की ना, बाबा?”

“काय?”

“हेच. मी आत्ता सांगितलं ते.”

“काय सांगितलंस?”

…

“तुम्ही ऐकलंत ना, बाबा?”

“नाही रे. घाटात ती गाडी चढतेय बघ, तिचं इंजिन अडखळतंय. कुठं बिघडलंय ते ऐकत होतो.”

“पण तुम्ही मान हलवलीत.”

“हलवली की.”

यशोधन भडकला. शर्टाची इस्त्री, वाक्यांमधलं ते थांबणं, सगळं गेलं आणि साधा आमच्याकडचा पोरगा बोलायला लागला. अर्धा तास घसा कोरडा करून सांगतोय, म्हणाला. माझं सगळं यात अडकलंय. तुमची मान बघून मी निघालो होतो, खाली उतरून आईला फोन करणार होतो. आणि तुम्ही गाडी ऐकत होता!

“असं करतं का कुणी, बाबा? समोरचा माणूस तुमच्या मानेवर भरवसा ठेवून…”

तिथं तो थांबला.

हे थांबणं मात्र शिकवलेलं नव्हतं.

बूट तसेच पायात, तो ओट्याच्या कडेला बसला. ऊन तळ्यावर हलत होतं, पलीकडच्या इमारती मध्येच दिसायच्या, मध्येच विरायच्या. किती वेळ गेला कोण जाणे. वारा पडला होता, कबुतरंही गप्प झाली होती.

“वृंदाताई…” तो म्हणाला. झोपेत बोलावं तसा.

“कोण?”

वर्गातली, म्हणाला. तिशीला आलेली. आधी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. चार वर्षांचा मुलगा आईकडे ठेवून शिकायला आलीय. गेले आठ दिवस रोज कँटीनमागच्या बदामाखाली ती माझ्यासमोर बसून बोलते.

“काय बोलते?”

“मला… माहीत नाही.”

“तिथं नव्हतास?”

“होतो.”

बाबांनी मान हलवली नाही. ते वाट बघत राहिले.

यशोधनने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तो एकेक वाक्य शोधत होता. एक सापडलं की बराच वेळ पुढचं सापडत नव्हतं.

“मुलगा फोनवर येत नाही, म्हणाली… आजीच्या मागं लपतो… आधी रडायचा. आता रडतसुद्धा नाही.”

…

“तिच्या हातात एक फॉर्म होता. घडी केलेला. मी त्याचा कोपरा बघत होतो. कोपऱ्यावर तेलाचा डाग होता… नाव काढून घ्यायचा फॉर्म असतो, तो. आज पाचच्या आत कार्यालयात देते, म्हणाली.”

…

“आज सकाळी तिने काहीतरी विचारलं. विचारताना शेवटी आवाज वर जातो ना, तसा गेला होता.”

“काय विचारलं?”

मला वाटलं आता काही हा सांगत नाही. त्याचे ओठ नुसते हलत होते. मग त्याने सांगितलं, आणि खरं सांगतो, तो आवाज त्याचा वाटला नाही. कुठल्या तरी दमलेल्या बाईचा वाटला.

“जाऊ का रे मी सगळं सोडून? मला काही सुचत नाही. तू कुणाचंही नीट ऐकतोस. तू म्हणशील तसं करते.”

“मग?”

यशोधनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही.

“मी तीन सेकंद थांबलो,” तो म्हणाला.

“आणि मान हलवलीस,” मी म्हणालो. मी मध्ये बोलायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं.

त्याने फोन काढला, लावला. पलीकडे वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. साडेतीन वाजून गेले होते. तळ्याला वळसा घालून जायला मोटरसायकलवर तासभर तरी लागतो. तो उठला आणि स्वतःशीच म्हणाला, जायचं की राहायचं ते तिचं ती बघेल, पण मी ऐकलंच नव्हतं एवढं तरी तिला कळायला पाहिजे. आणि आता ऐकतो म्हणावं, ती परत सांगेल तर.

चार पायऱ्या उतरला आणि वळला. उन्हानं डोळे बारीक केलेले, गळ्यातलं ओळखपत्र त्याने मुठीत धरलं होतं.

“बाबा, रविवारी तुम्ही काही सांगू नका. मॅडमना आज मीच सांगतो. मी इथं कधी बसलोच नव्हतो.”

लतीफबाबांनी तळ्यावरची नजर काढली आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“जा, पळ,” ते म्हणाले. “दोन वर्षं बसलास, पुष्कळ झालं.”