डिंकाची अट

खाडीवर पूल नव्हता आणि होडीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या बाभळीचा डिंक साऱ्यांचं मोडलेलं सांधून द्यायचा. घारीचं पीस असो की खेकड्याची नांगी, त्याची अट एकच: आधी उन्हात बसून कोरडं व्हायचं.

एकदा मान चिरलेली कासवीण त्याच्याकडे आली. डिंक म्हणाला, "बाई, आधी रक्त थांबू दे, मग बघतो." ती बिचारी उन्हात पडून राहिली. रक्त काही थांबेना. तिचे डोळे मिटू लागले.

पाण्यातल्या खडकाला चिकटलेल्या शिंपल्यातल्या कालवाने हाक मारली, "अगं, तशीच ओली ये माझ्याकडे!" ती कशीबशी सरपटत गेली. कालवाने आपला तेलकट चीक जखमेवर सोडला. चिकाने आधी रक्त बाजूला सारलं, मग कातडी घट्ट धरून ठेवली. हळूहळू कासविणीने मान उचलली.

डिंक काठावरून कुरकुरला, "माझ्या अटीत काय चूक होती? ओल्यावर कुणी चिकटतं का?"

पाण्यात शिरता शिरता कासवीण थांबली. "डिंकदादा," ती म्हणाली, "रक्त आपोआप थांबणार असतं, तर मी तुझ्याकडे कशाला आले असते?"