बोर्दोचं कच्चं पिंप

"या सहा वाइनींपैकी दहा वर्षांनी अमृत कोणती होणार, ते आज सांगायचं. आणि आजच सिद्धही करायचं. नाही जमलं, तर उद्यापासून गडावर पहाऱ्याला!"

राजेसाहेबांनी फर्मावलं आणि रखमाजीनं हातातला पेला खाली ठेवला. रखमाजी सुरगोंड्याच्या राजवाड्यातला आबदार. पाणी, सरबतं आणि राजेसाहेबांची लाडकी फ्रान्सची वाइन, सगळं त्याच्या ताब्यात. साठी उलटलेला, गुडघ्यांनी गांजलेला माणूस तो, गड चढणार कसा?

झालं होतं असं, की फ्रान्समधल्या बोर्दोचा सौदागर मुस्यू दुवाल सहा मळ्यांची वाइन विकायला आला होता. सोबत आणल्या होत्या फक्त सहा लहान बाटल्या. खरा माल तिकडे पिंपांतच मुरत होता. पैसे आज द्यायचे, पिंपं दोन वर्षांनी यायची आणि खरी चव उतरायची दहा वर्षांनी. मागे एकदा राजेसाहेबांनी जिभेला गोड लागली ती वाइन घेतली आणि ती मुरता मुरता पाणचट झाली. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडाला होता. आबदाराच्या जिभेवर मात्र तो भलताच बसला होता.

रखमाजीनं सहाही चाखल्या. प्रत्येक घोटाला त्याचं तोंड कच्ची चिंच खाल्ल्यासारखं होई. मुस्यूला विचारावं, तर त्याच्या मते सहाही सारख्याच गुणी. त्यातल्या त्यात बुचावर लाल लाख असलेल्या बाटलीची त्यानं नुसती आरती ओवाळायचीच बाकी ठेवली होती.

रखमाजीची मुलगी गोजरा बापाला पेले विसळून देत होती. तिनं थेंबही चाखला नाही. ती आपली मुस्यूकडे बघत होती. मग पदर सावरून ती पुढे झाली.

"महाराज, सौद्याआधी पाहुण्यांचा मान राहिला."

सुरगोंड्याची तशी रीतच होती. भाजीवाली असो की घोड्यांचा व्यापारी, राजवाड्यावर माल विकायला येणाऱ्याकडून दरबार आधी एक नग विकत घेई आणि तोच त्याला भेट देई. राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण वाडवडिलांची रीत मोडणार कोण? त्यांनी मान हलवली.

गोजरानं मुस्यूला समजावलं, की यातलं एक पिंप दरबाराच्या खर्चानं तुमच्या घरच्या तळघरात राहील. ते विकायचं मात्र नाही, दहा वर्षांनी लेकीजावयांसोबत बसून प्यायचं. मुस्यू हरखून गेला. तिनं लाल लाखेची बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ही तुमची लाडकी, हिचंच पिंप घ्या.

मुस्यूचा चेहरा उतरला. एवढा मोठा मान आपल्याला झेपणार नाही, म्हणाला. तिनं दुसरी सरकवली. तीही आपल्यासाठी फारच भारी, म्हणाला. तिसरीला त्यानं नुसते हात जोडले.

"मग कोणती देऊ, साहेब?"

"ती कोपऱ्यातली... काळ्या लाखेची चालेल. गरिबाला तेवढी पुरे," म्हणत गरिबानं ती बाटली उचलून छातीशी धरलीसुद्धा.

गोजरा राजेसाहेबांकडे वळली. "महाराज, हीच ती. सिद्धही झालं."

"ते कसं काय?"

"मला वाइनमधलं काही कळत नाही. मुस्यूंना सगळं कळतं. विकताना सांगत नव्हते, घेताना सांगितलं."

राजेसाहेबांना हसू आवरेना. मुस्यू आधी कानापर्यंत लाल झाला, मग तोही हसू लागला. त्याचं भेटीचं पिंप तेवढं सोडून त्या मळ्याची उरलेली सगळी पिंपं राजेसाहेबांनी तिथल्या तिथे घेऊन टाकली. मग त्यांना पोरीची थट्टा करायची लहर आली.

"पोरी, बक्षीस नक्की. पण वाइन चांगली निघाली, हे कळल्यावर. दहा वर्षांनी ये."

"येईन की, महाराज. पण तोवर पिंपांना नवख्याचा हात लागला आणि ती बिघडली, तर माझ्या निवडीला बोल नको. दहा वर्षं आबदारखान्याची किल्ली आमच्या आबांकडेच राहू द्या."

आता मात्र राजेसाहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि किल्ली स्वतः रखमाजीच्या कमरेला अडकवली.