जुनंही नको, नवंही नको!

चकमकपूरचे राजे धडाकेराव सलग तेराव्यांदा हरले!

शर्यत होती कॉम्प्युटरवरची. शेजारच्या राजांशी तारेवरून घोडे पळवायचे, हा त्यांचा एकुलता एक शौक. पण खंदक आला की धडाकेरावांचा घोडा हवेतच थिजायचा, थरथरायचा, आणि तोवर शेजाऱ्यांचा घोडा पलीकडे जाऊन हरभरे खायला मोकळा!

"ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, महाराज," दिवाण मिठाराम हात चोळत म्हणाले. "पडद्यावरची चित्रं हलवायची ती त्यानं. सहा वर्षांत थकलं बिचारं. माझ्या मेव्हण्याच्या दुकानात अगदी ताजं आलंय!"

"खबरदार!" राजांच्या मातोश्री आऊसाहेब कडाडल्या. "ते कार्ड मी वाढदिवसाला दिलंय. ते काढून नवं घातलंत, तर जन्मभर अबोला!"

राजे कात्रीत सापडले. आणि कात्रीत सापडले की राजे हुकूम सोडायचे. "उद्या दुपारपर्यंत आमच्या घोड्यानं खंदक ओलांडला पाहिजे. पण कॉम्प्युटरच्या पेटीत कार्ड जुनं नको, आणि नवंही नको!"

कपड्यांचं गाठोडं घेऊन आलेल्या सोनबा परटाला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. झालं!

"हसतोस? मग तूच करून दाखव! नाही जमलं, तर तू, तुझी गाढवं आणि तुझा धुण्याचा दगड, सगळे उद्या वेशीबाहेर!"

सोनबा घरी येऊन मटकन बसला. सगळं ऐकून त्याची लेक भिवरा म्हणाली, "आबा, हसायचंच होतं तर घाटावर येऊन हसायचं की!" बोलली खरी, पण वेशीबाहेर काढलं म्हणजे घाटही गेला. त्याच घाटावर ती चालायला शिकली होती. तो सुटला तर जायचं कुठं?

सकाळी बापाऐवजी तीच राजवाड्यात हजर झाली.

"तुला कॉम्प्युटरातलं काय कळतं गं?" मिठारामांनी नाक मुरडलं.

"काही नाही, दिवाणजी. पण आम्ही परीट. कापड उलटं करून बघितल्याशिवाय पाण्यात घालत नाही!"

आणि ती सरळ पेटीच्या मागच्या बाजूला शिरली. गेल्या सहा वर्षांत तिथं कोळ्यांखेरीज कुणी गेलेलं नव्हतं. तिनं दोनदा शिंकून विचारलं, "यातलं कार्ड कुठलं हो?"

"ते खालचं, आडवं," मिठाराम म्हणाले.

"आणि ही जाड वायर?"

"पडद्याची! तिच्यातून चित्र जातं. मी स्वतः जोडलीय, या हातांनी!"

भिवरानं वायर पाहिली, कार्ड पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबला. घरातल्या एकाच्या हसण्यानं व्हायचा तेवढा घोळ झाला होता.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आऊसाहेब, परवा तुमच्या कपड्यांना ऊन दाखवलं. त्यात एक डाळिंबी शालू होता. जुना झाला ना आता?"

"जुना? अगं, अजून घडीसुद्धा मोडली नाही त्याची!"

"म्हणजे नवा!"

"नवा कसला? सहा वर्षं ट्रंकेत पडलाय."

"जुना नाही, नवाही नाही! मग आहे तरी काय?" राजे वैतागले.

"तुमच्या कार्डासारखा आहे, सरकार!" भिवरा म्हणाली. "पडद्याची वायर खोचलीय वरच्या भोकात, म्हणजे चित्र कार्डाला वगळूनच येतंय. खाली कार्डाला तस्संच भोक आहे, पण त्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिकचं टोपण अजून जागेवर! सहा वर्षं कार्ड नुसतं बसून आहे. सहा वर्षांचं, म्हणून नवं नाही. घडी मोडली नाही, म्हणून जुनं नाही. बसतंय का तुमच्या हुकुमात?"

तिनं टोपण काढलं, वायर वरून उपटून खाली खोचली. राजांनी श्वास रोखून घोडा सोडला. खंदक आला... आणि घोडा असा काही उडाला, की राजेही गादीवरून वीतभर उडाले! शेजाऱ्यांचा घोडा अजून अलीकडेच होता.

राजे सावकाश वळले. "मिठाराम, वायर कुणी जोडली म्हणालात?"

"महाराज, ती... भोकं अगदी सारखी दिसतात हो!"

"मेव्हण्याचं दुकान मात्र बरोब्बर दिसलं!" भिवरा पुटपुटली.

पुटपुटली, पण ऐकू जाईल अशी. राजे हसता हसता लोळायचेच बाकी राहिले. मुकुट घरंगळत खुर्चीखाली गेला, तो दिवाणांनाच रांगत जाऊन काढावा लागला.

"घाट तुमचाच, पिढ्यान्‌पिढ्या!" राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि सोनबाला सांग, म्हणावं, दरबारात ये आणि पोटभर हस!"

आऊसाहेबांनी तोवर ट्रंक उघडवली होती. डाळिंबी शालू भिवराच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "कार्डाची घडी तूच मोडलीस ना? मग आता याचीही तूच मोड!"