पाच पायांचा बेडूक आणि घरचा नंबर

एक होती रेवती. शाळेत रेवती, घरी चिंगी.

चिंगी आईच्या ऑफिसात आली. कॉम्प्युटरवर तिने बेडूक काढला. इवलासा. जांभळा. पाय किती? पाच.

"कागदावर काढू, घरी आजोबांना नेऊ," आई म्हणाली. "पण पटकन हं. सहाला कुलूप लागतं."

आईने बटण दाबलं. टिक. बेडूक निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पण प्रिंटरचा नंबरच सापडेना. कालचा नंबर गायब.

त्याचं काय झालं, कालपर्यंत ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांचे नंबर बाहेरचे होते. लांबच लांब. रस्त्यावरचं कुणीही यायचं. ठक ठक, ठक ठक. म्हणून आज केदारमामा आला. कॉम्प्युटर बघणारा मामा. त्याने नंबर वाटणाऱ्या डब्याला, राउटरला, सांगितलं, सगळ्यांना घरचे नंबर दे. छोटे छोटे. रेवतीचं घरी चिंगी, तसे.

बेडूक शोधत शोधत प्रिंटरकडे गेला. टुणुक टुणुक.
"प्रिंटरकाका, मला छापा ना."
"जुना नंबर गेला, नवा आला नाही. राउटरने नंबर दिला की छापतो."

बेडूक गेला राउटरकडे. दिवे लुकलुक, लुकलुक.
"राउटरदादा, नंबर दे ना. प्रिंटर छापेना. मी चिंगीच्या घरी जाऊ कसा?"
"वायर निघालीय रे. वायर जुळली की देतो."

बेडूक गेला वायरकडे. टुणुक टुणुक.
"वायरताई, जुळ ना. राउटर नंबर देईना, प्रिंटर छापेना. मी चिंगीच्या घरी जाऊ कसा?"
"खुर्चीचं चाक माझ्या शेपटीवर. आई गं. खुर्ची हलली की जुळते."

बेडूक गेला खुर्चीकडे. टुणुक टुणुक.
"खुर्चीबाई, हला ना. वायर जुळेना, राउटर नंबर देईना, प्रिंटर छापेना. मी चिंगीच्या घरी जाऊ कसा?"
"हलू कशी? वर बघ कोण बसलंय. मामा उठला की हलते."

वर कोण? केदारमामा.
"मामा, ऊठ ना. खुर्ची हलेना, वायर जुळेना, राउटर नंबर देईना, प्रिंटर छापेना. मी चिंगीच्या घरी जाऊ कसा?"
मामाने मान पण वळवली नाही. "थांब रे जांभळ्या. प्रिंटर का चालत नाही तेच शोधतोय. तो चालला की उठतो."

घ्या. आता?

घड्याळ म्हणालं, टिक टिक. आईने पर्स घेतली. चिंगीने चप्पल घातली. एकच.

बेडूक गेला मामाच्या स्पीकरमध्ये. पोट फुगवलं. आणखी फुगवलं.

डराँव!

मामा उठला, ताडकन.
खुर्ची हलली, घर्रर्र.
वायर जुळली, खट.
राउटरने नंबर दिला, लुकलुक.
प्रिंटरने छापलं, सुर्रर्र.
आणि कागदावर बेडूक. जांभळा जांभळा.

मामाने खाली बघितलं. चाक बघितलं. वायर बघितली. "म्हणजे मीच बसलो होतो होय वायरवर?"
"होय," सगळे म्हणाले.

आईने कागद घेतला. "अगं चिंगे, बेडकाला पाच पाय?"
"चार चालायला," चिंगी म्हणाली. "एक टुणुक करायला."

बेडूक पोचला चिंगीच्या घरी,
गोष्ट आपली झाली पुरी.