खऱ्या आपट्याची खूण

"पण आक्का, मी शिकवलं त्यात खोटं काय होतं?"



दसऱ्याची संध्याकाळ होती. मठाच्या पायरीपासून ओसरीपर्यंत आपट्याचा ढीग पडला होता. नुसती पानं नव्हेत... डहाळ्या, फांद्या, शेंडे.

टेकडीच्या पायथ्याचा हा लहानसा मठ आक्का कितीतरी वर्षं सांभाळत होत्या. पद्माकर त्यांचा शिष्य. शहरात झाडांचं शास्त्र शिकून मग इकडे वळलेला. या दसऱ्यानंतर त्यानं रोज सायंकाळी लोकांपुढं निरूपणाला बसायचं, असा शब्द आक्कांनी त्याला दिला होता. त्या एका शब्दावर त्यानं वर्ष काढलं होतं.

"काय शिकवलंस?" आक्कांनी विचारलं.

"गेल्या दसऱ्याला सगळं गाव कांचनाची पानं घेऊन आलं होतं. आपटा समजून! आज्या-पणज्यांपासून हेच चाललेलं. मी पायरीवर उभा राहून एकेकाला समजावलं. म्हटलं, आपटा नि कांचन एकाच प्रजातीतले, म्हणून दोघांचंही पान गाईच्या खुरासारखं दुभंगलेलं. पण जाती वेगळ्या. कांचनाचं पान मोठं, पातळ. आपट्याचं लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त."

"एवढंच?"



"म्हटलं, हे सोनं नव्हे, पितळ आहे. देवाला पितळ वाहता?"

"मग?"

"लाजले बिचारे. पानं परत घेऊन गेले."

"आणि खरा आपटा कुठं मिळेल, ते कुणी सांगितलं त्यांना?"

"मीच. टेकडीमागची राई दाखवली. तिथं गुरं चरायला जायची, पण त्या झाडांकडं कुणाचं लक्षच नव्हतं."

"आज गेला होतास तिकडं?"

"...गेलो होतो."

"काय पाहिलंस?"

"एकाही झाडावर पान नाही, आक्का. फांद्या कोयत्यानं तोडल्यात. आणि लहान झाडं तर..."

तेवढ्यात भागूबाई धापा टाकत पायऱ्या चढून आल्या. गावातल्याच. नातीचा ताप हटेना म्हणून गेल्या वर्षी नवस बोलून पानं वाहायला आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या होत्या.

"उशीर झाला हो बुवा! राईत काही शिल्लकच ठेवलं नाही मेल्यांनी. शोध शोध शोधलं. हे एवढं एकच दिसलं, दगडाच्या आडोशाला."

त्यांनी पदराखालून हातभर उंचीचं रोप काढलं. मुळांना माती तशीच होती.

"बघा बरं नीट. यंदा चूक नको. वर्षभर जिवाला लागून राहिलं होतं माझ्या."

पद्माकरनं रोप हातात घेतलं. एक पान बोटांत धरून पाहिलं.

"बोला की बुवा... खरंच आहे ना?"

"खरंच आहे."

भागूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून आधी देवाला नमस्कार केला, मग पद्माकरला. तो मागं सरला.

"तुमच्यामुळं कळलं हो. नाहीतर जन्म फुकट गेला असता."

त्या गेल्या. जाताना शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या, "माझं पास झालं गं!"



पद्माकर रोप घेऊन तसाच उभा होता. मुळांची माती त्याच्या पायांवर गळत होती.

"मी खरं तेच सांगितलं होतं, आक्का."

"हो रे. खरंच होतं."

"ती माणसंही वाईट नाहीत."

"मुळीच नाहीत. श्रद्धेनं आली सगळी."

"मग..."

 खाली बघत त्यानं कसंबसं विचारलं,

"मग उद्यापासून... निरूपणाला बसू ना मी?"

आक्का उठल्या. त्याच्या हातातलं रोप त्यांनी काढून घेतलं, आणि पदरानं त्याचे तळवे पुसले. लहान मुलाचे पुसावेत तसे, एकेक बोट.

"बस की. शब्द दिलाय मी."

मग म्हणाल्या,

"सगळं सांग त्यांना. देव कुठं राहतो, तेवढं मात्र दाखवू नकोस."